नव्या गुलाबाचा पहिला उन्हाळा

नवा गुलाब मे महिन्याच्या उन्हाने गेला, असं ठाण्यात आपण सगळेच म्हणतो. काड्या काळ्या पडलेल्या मे महिन्यात दिसतात, म्हणून दोषही मे महिन्याला जातो. पण त्या रोपाचा घात बहुतेक वेळा मार्चमध्येच होऊन गेलेला असतो, आणि तो तहानेने झालेला असतो. हे एकदा लक्षात आलं की फुलाकडे बघायचं सोडून आपण मुळाकडे बघायला लागतो, आणि रोप जगण्याची शक्यता तिथून वाढते.

आपण गुलाब विकत घेतो तीच वेळ मुळात अडचणीची. रोपवाटिकांमध्ये ऑक्टोबरात छाटलेली झाडं डिसेंबर-जानेवारीत भरभरून फुलतात. उरुळी कांचनच्या बाजूने, घोडबंदर रस्त्यावरच्या रोपवाटिकांमधून ती शहरात येतात. टेंभी नाक्यावरून जांभळी नाक्याकडे निघालेल्या हातगाडीवर वीतभर पिशवीतलं रोप तीन-तीन फुलं घेऊन उभं असतं. फेब्रुवारीच्या सुमाराला ठाणे महापालिकेचं ‘वृक्षवल्ली’ प्रदर्शन भरतं, राणीच्या बागेतलं पुष्पप्रदर्शनही त्याच दिवसांत असतं. माणूस हौसेने रोप घरी आणतो. तिथून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत त्या रोपाला शंभराच्या वर दिवस काढायचे असतात, आणि मुळं तर अजून कुंडीत रुजलेलीही नसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेल्या गुलाबाला सगळा हिवाळा मिळतो, म्हणून खरा हंगाम तो. तरीही फेब्रुवारीतलं रोप जगवता येतं. त्यासाठी आधी आपली हवा समजून घ्यायला हवी.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण शिकलो. दिवसा जमीन तापते, समुद्रावरून खारे वारे आत येतात आणि किनाऱ्याचं तापमान धरून ठेवतात. ठाण्याला मुळात हे वारे मुंबईपेक्षा उशिरा आणि क्षीण होऊन मिळतात, कारण समुद्र पश्चिमेला लांब आणि मध्ये येऊरचे डोंगर. कल्याण-डोंबिवली त्याहून आत, तिथे आणखी उशीर. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत मधूनमधून असे दिवस येतात की पूर्वेकडून, घाटमाथ्यावरून कोरडे वारे जोराने खाली उतरतात. हवा खाली उतरताना दर किलोमीटरला साधारण दहा अंशांनी तापते आणि आणखी कोरडी होते. हे वारे खाऱ्या वाऱ्यांना दुपारपर्यंत आत येऊ देत नाहीत, आणि मग पारा उसळतो. सांताक्रूझला 28 मार्च 1956 रोजी 41.7 अंश नोंदले गेले ते मार्चातच. 2022चा मार्च महिना तर 1901पासूनच्या नोंदींमध्ये देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. किनारपट्टीवर कमाल तापमान 37 अंशांवर गेलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं, की हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. मे महिन्यात ठाण्यात पारा बहुधा 34-35च्या आसपास असतो, पण घामाच्या धारा लागतात, कारण हवेत बाष्प असतं.

माणसाला मे नकोसा होतो, गुलाबाला मार्च. पानातून पाणी किती वेगाने उडेल हे नुसत्या तापमानावर ठरत नाही, हवा किती तहानलेली आहे यावर ठरतं. 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असलेली मे महिन्यातली दुपार घ्या, आणि 38 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असलेली मार्चमधली दुपार घ्या. बाष्पदाबाचा हिशेब मांडला तर मार्चमधली हवा पानातून पाणी ओढण्याची जवळपास तिप्पट ताकद बाळगून असते. तापमानात फरक चारच अंशांचा, पण रोपावरचा भार तिपटीने वाढतो, आणि तोही ज्या महिन्यात मुळं सर्वांत कमी असतात त्या महिन्यात.

पान यावर एकच उपाय करू शकतं, आपली रंध्रं मिटून घ्यायची. पाणी वाचतं, पण पाणी उडताना पानाला मिळणारा गारवाही थांबतो आणि पान तापत जातं. पानाच्या कडा आणि टोकं ही पाण्याच्या वाटेवरची शेवटची ठिकाणं, म्हणून आधी ती करपतात. कडेने तपकिरी झालेलं पान दिसलं की पाणीपुरवठा खालून तुटतो आहे असं समजावं. खत कमी पडलं अशी शंका तिथे घेऊ नये.

आता मूळ. रोपवाटिकेतून आलेल्या गुलाबाला मातीची घट्ट हुंडी असते. बहुतेक वेळा ती चिकट लाल मातीची. आपण काय करतो? कुंडीत कोकोपीट, शेणखत आणि माती यांचं भुसभुशीत मिश्रण भरतो आणि मधोमध ती हुंडी बसवतो. पुढचे कित्येक आठवडे रोपाची जवळजवळ सगळी मुळं त्या हुंडीतच असतात. बाहेरच्या मिश्रणात कितीही ओल असली तरी रोपाला मिळतं ते हुंडीतलंच पाणी. चिकट माती एकदा पूर्ण वाळली की आकसते, कडक होते, तिच्या आणि मिश्रणाच्या मध्ये फट पडते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. कुंडी ओली, बशीत पाणी, आणि हुंडीचा गाभा मात्र कोरडा. रोज नेमाने पाणी घालूनही गुलाब वाळला, अशी तक्रार कितीतरी लोक करतात. त्यातल्या पुष्कळांच्या कुंडीत हेच घडलेलं असतं.

म्हणून लावण्याआधी हुंडी पिशवीसकट बादलीत बुडवावी आणि बुडबुडे येणं थांबेपर्यंत तशीच ठेवावी. मग थोडा वेळ निथळू द्यावी, पिशवी ब्लेडने उभी चिरावी, हुंडी फुटू न देता फक्त बाजूची गुळगुळीत माती बोटांनी खरवडावी. कुंडीतल्या मिश्रणात साधी माती निम्मी तरी असू द्यावी, म्हणजे हुंडी आणि भोवतालची माती यांचं पाण्याबाबतीत जमतं. नुसत्या कोकोपीटमध्ये लाल हुंडी बसवणं मला पटत नाही. चारही बाजूंनी मिश्रण दाबून भरावं, पोकळी राहू देऊ नये. लावणी संध्याकाळी करावी, म्हणजे रोपाला पहिली रात्र तरी सुखाची मिळते. आणि मार्च लागून गेल्यावर रोप हाती आलं असेल, तर ते पिशवीतून काढूच नये. पिशवीसकट मोठ्या मातीच्या कुंडीत उभं करावं, भोवतीची जागा ओल्या मातीने किंवा नारळाच्या काथ्याने भरावी, पिशवीची भोकं मोकळी आहेत ना ते पाहावं, आणि पावसाळी हवा सुरू झाल्यावरच लावावं. मुळांवरचे केसासारखे बारीक तंतूच पाणी शोषतात. हलवाहलवीत तुटतात ते तेच, आणि ऐन उन्हाळ्यात ते नव्याने घडवायला रोपाकडे शिल्लक नसते.

पाणी किती घालायचं, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं ठरीव उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मातीत दोन पेरं बोट घालावं. तिथे ओल लागली तर थांबावं, कोरडं लागलं तर खालून पाणी निथळेपर्यंत सावकाश द्यावं. बारा इंची कुंडीला एका वेळी दीड-दोन लिटर पाणी सहज लागतं. हुंडीच्या जागी एखादी बारीक काडी खुपसून बघावी, कारण खरी बातमी तिथली. पाणी सकाळी लवकर द्यावं. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बोट घालून पाहावं. दुपारी घालायचंच झालं तर पाइपातलं आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पहिलं पाणी सोडून द्यावं. ते हाताला चटका देण्याइतकं तापलेलं असतं.

दुपारी दोन वाजता गुलाबाने मान टाकली म्हणून लगेच तांब्या घेऊन धावू नये. दुपारी झुकलेला शेंडा सूर्य उतरल्यावर आपोआप ताठ झाला, तर मुळं काम करताहेत. ती फक्त हवेच्या मागणीला पुरी पडली नव्हती. सकाळी सातलाही शेंडा झुकलेलाच असेल, तर मात्र धोका आहे. तेव्हा बोट घालून पाहायचंच. माती कोरडी असेल तर तहान. माती ओलीचिंब असेल तर मुळं गुदमरून कुजायला लागली आहेत. दोन्ही रोपं वरून सारखीच दिसतात, आणि दुसऱ्या रोपाला आपण दया येऊन आणखी पाणी घालतो. उन्हाळ्यात पाण्याच्या अभावाइतकेच गुलाब पाण्याच्या प्रेमानेही जातात. कुंडीखाली बशी भरून ठेवण्याची सवय म्हणून मोडायला हवी.

खाडीजवळच्या भागात बोअरचं पाणी मचूळ असू शकतं. त्यातलं मीठ मातीत साठतं, उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, मग पानांच्या कडा तहानेविनाही करपतात. अशा घरी पिण्याचं पाणी गुलाबाला द्यावं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं. हवेतलं बाष्प गार होऊन ते बनलेलं असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात.

एसीचं नाव निघालं म्हणून सांगतो. चरई, खारकर आळी, टेंभी नाका या जुन्या दाट वस्तीत बाग म्हणजे बहुधा खिडकीची ग्रिल किंवा इमारतीची गच्ची. शेजारच्या एसीचं बाहेरचं यंत्र ग्रिलच्या दिशेने गरम हवा फेकत असेल, तर तिथल्या गुलाबाला दिवसरात्र मार्चचाच वारा लागतो, मग बाहेर महिना कोणताही असो. कुंडी तिथून हलवणं हाच उपाय. खिडकी पूर्वेची असेल तर नव्या गुलाबाला ती सर्वांत चांगली: सकाळचं पाच-सहा तास ऊन, दुपारी सावली. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब सोडत राहते. गच्चीवरच्या स्लॅबचंही तेच. गुलाबाला रात्रीचा गारवा फार महत्त्वाचा असतो, कारण दिवसा पानांनी बनवलेली साखर उष्ण रात्री श्वसनातच खर्च होते आणि मुळांच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून कुंडी स्लॅबवर थेट न ठेवता दोन विटांवर ठेवावी, खालून हवा खेळू द्यावी.

काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात ठेवली की तिच्या कडेची माती हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, आणि नवी मुळं वाढत वाढत नेमकी त्या कडेलाच पोचलेली असतात. मातीची कच्ची कुंडी माठाच्याच तत्त्वावर गार राहते. पाणी जास्त लागतं, पण उन्हाळ्यासाठी ती उजवी. प्लास्टिकचीच असेल तर ती मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधली फट नारळाच्या सोडणांनी भरावी, किंवा बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. दोन्ही उपाय स्वस्त आहेत आणि दोन्हींचा फरक हात लावून कळतो.

सावली किती? गुलाब उन्हाचं झाड आहे हे खरं, पण ते रुजलेल्या गुलाबाबद्दल. नव्या रोपाला साधारण अकरा ते चार या वेळेत निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी पुरते. जाळी नसेल तर जुनी सुती साडी एकपदरी बांधावी. ती रोपापासून हात-दीड हात उंच असावी. रोपावरच गुंडाळली तर आतली गरम हवा कोंडते आणि पानं भाजतात. रोप उचलून घरात ठेवणं हा उपाय मात्र नाही. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर राहिलेल्या गुलाबाची पानं पिवळी पडून गळतात आणि पुन्हा उन्हात आणल्यावर नवी कोवळी फूट होरपळते.

मातीवर दोन बोटं जाडीचं आच्छादन घालावं: वाळलेली पानं, उसाचं पाचट, किंवा सोडणांचे तुकडे. शहाळेवाल्याकडची ओली सोडणं आणली तर आधी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावं, त्यात क्षार असतात, आणि मग वाळवून वापरावीत. आच्छादन खोडाला टेकू देऊ नये.

आता सर्वांत जड जाणारी गोष्ट. नव्या गुलाबाच्या कळ्या खुडायच्या. जून येईपर्यंत दिसेल ती कळी वाटाण्याएवढी असतानाच, खालचं एकही पान न तोडता, नखाने काढायची. एक फूल उमलवायला रोप जी साखर ओततं, तीच साखर मुळांना हवी असते. शिवाय उन्हाळ्यातलं फूल लहान निघतं, पाकळ्या कमी, रंग उडालेला, दोन दिवसांत गळतं. एवढ्यासाठी मुळांचा घास काढून घेऊ नये. त्याच कारणाने उन्हाळ्यात छाटणीही नको. वाळलेली काडी काढा, हिरवी राहू द्या, कारण पान हेच रोपाचं अन्न आहे आणि पानांच्या सावलीतच खोडाची साल उन्हापासून वाचते. रासायनिक खत तर अजिबात नको. युरिया किंवा डीएपी म्हणजे मुळाच्या दृष्टीने मीठच, मातीत पाणी कमी असताना ते मुळातलं पाणी बाहेर ओढतं. ताजं शेणही तापतं. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत लावणीच्या वेळी मिसळलेलं असेल, तर पावसाळ्यापर्यंत काही देण्याची गरज नाही. कांद्याच्या सालींचं पाणी, केळ्याच्या सालींचं पाणी, असे पुष्कळ घरगुती उपाय लोक एकमेकांना कळवत असतात. उन्हाळ्यात रुजणाऱ्या रोपाला त्यातल्या एकाचीही निकड नसते.

विकत आणलेला गुलाब म्हणजे दोन झाडं एकत्र, हे विसरू नये. खाली रानवट खुंट आणि त्यावर डोळा भरून वाढवलेली हव्या त्या फुलाची फांदी. आपल्याकडे खुंट म्हणून वापरल्या जाणाऱ्या गुलाबांपैकी एक म्हणजे एडवर्ड. त्याचा वंश हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावरच्या बोर्बोन गुलाबांचा. उष्ण बेटावरचं ते रक्त आपल्या नाजूक रोपांना पायाशी साथ देतं. पण उन्हाने वरची फांदी मरगळली की खुंट स्वतःच फुटायला लागतो. जोडाच्या गाठीखालून जोमदार, लांबसडक फूट निघाली तर ती आनंदाची खूण नाही. ती मुळाशी धरून ओढून काढावी, नुसती कापली तर दुपटीने येते. आणि लावताना जोडाची गाठ मातीच्या वर दिसती ठेवावी, म्हणजे कोणती फूट कुठून आली ते कळतं.

जातीची निवडही उन्हाळ्याच्या हिशेबाने करावी. युरोपातल्या थंडीसाठी घडवलेली मोठाली फुलं ठाण्याच्या ग्रिलमध्ये पहिल्याच वर्षी आणू नयेत. गुच्छात फुलणारे फ्लोरिबंडा, बटण गुलाब आणि हारवाल्याकडे मिळतो तो गावठी देशी गुलाब हे चिवट असतात. मोठ्या फुलांमध्ये ग्लॅडिएटर महाराष्ट्रातल्या शेतांमध्ये उघड्यावर वर्षानुवर्षं टिकला आहे, हे त्याचं मोठं प्रशस्तिपत्र. भारतीय हवेसाठी गुलाब घडवायचं काम मनावर घेतलेल्या माणसांत डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचं नाव पहिलं. गव्हावरच्या तांबेऱ्याशी लढणारे हे शास्त्रज्ञ 1965मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले, आणि उरल्या वेळात त्यांनी गुलाबाच्या कितीतरी नव्या जाती तयार केल्या. त्यातल्या एका पांढऱ्या गुलाबाला त्यांनी डॉ. होमी भाभांचं नाव दिलं. पुढे कोडाईकनालचे विरू वीरराघवन यांनी भारतातल्याच रानगुलाबांकडे मोर्चा वळवला. मणिपूरकडचा रोझा जायगँटिया आणि पाणथळ उष्ण प्रदेशात वाढणारा रोझा क्लायनोफायला यांच्यापासून त्यांनी उष्णता सोसणाऱ्या जाती वाढवल्या. ही दिशा मला फार मोलाची वाटते. सावली आणि पाणी देऊन आपण एक रोप वाचवतो, योग्य जात मात्र पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात स्वतःला सांभाळते.

किडींपैकी कोरड्या उन्हात लाल कोळी पहिला येतो. पानाच्या पाठीवर धुळीसारखे ठिपके, पुढे बारीक जाळं, आणि पान फिकट होत जातं. सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा चार-पाच दिवस सलग मारला तर तो आटोक्यात येतो. कडुनिंबाचं तेल संध्याकाळी फवारावं, उन्हात फवारलं तर पानं जळतात. गंधकाची पूड तर तिशी ओलांडलेल्या तापमानात वापरूच नये.

मे महिन्यात ठाणेकर गावाला जातो, आणि कुंड्या पंधरा दिवस एकट्या पडतात. त्यांना सावलीच्या कोपऱ्यात चिकटून ठेवावं, म्हणजे एकीचं बाष्प दुसरीला मिळतं. मध्ये पाण्याची झाकलेली बादली ठेवून तिच्यातून जाड सुती दोरी प्रत्येक कुंडीच्या मातीत चार बोटं पुरावी. दोरी आधी भिजवून घ्यावी, आणि निघण्याच्या दोन दिवस आधी लावून पाहावी, कारण सगळ्याच दोऱ्या सारखं पाणी ओढत नाहीत. बादली आणि कुंडी साधारण एका पातळीत हव्यात. मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत लावलेल्या गुलाबाशेजारी कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवलं आणि वर झाकण घातलं, तर माती कोरडी होईल तसतसं पाणी पाझरत राहतं. तरीही शेजारच्या कुणाला आठवड्यातून दोनदा डोकावायला सांगून जावं.

जूनमध्ये वळवाच्या दोन सरी पडल्या की हाच सगळा बंदोबस्त उलटा करायचा. ठाण्याचा पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात जातो, आणि उन्हाळ्यात वाचलेला गुलाब जुलैत मूळ कुजून गेला असं सर्रास घडतं. आच्छादन बाजूला सारायचं, बशी काढायची, कुंडीचं भोक काडीने मोकळं करायचं, जाळी उतरवायची. पिशवीतच राखलेलं रोप पावसाची उघडीप बघून आता कुंडीत लावायचं. पानांवर काळे ठिपके दिसले तर ती पानं वेचून फेकायची, कुंडीतच पडू द्यायची नाहीत. कळ्याही आता राहू द्यायला हरकत नाही. पाऊस संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं की पहिली छाटणी, तिच्या आधी मूठभर निंबोळी पेंड आणि शेणखत, आणि छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी पहिला खरा बहर.